रंग उतरवणारा हौद

सोलापुरात पेटंट एजंटची पाटी लावली की निम्मे लोक ट्रेडमार्क विचारायला येतात आणि उरलेल्यांत बहुतेक कॉलेजवाले असतात. कॉलेजवाल्यांना पेटंटपेक्षा पेटंटचा फ्लेक्स महत्त्वाचा. अर्ज दाखल झाला की अठरा महिन्यांनी, किंवा जादा फी भरली तर त्याआधीच, तो पेटंट ऑफिसच्या जर्नलमध्ये छापून येतो. तोवर त्यातलं एक अक्षरही कुणी तपासलेलं नसतं. तरी गेटवर ‘पेटंट प्राप्त’ झळकतं, पेढे वाटले जातात, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाईलला कागद लागतो. पुढे तपासणीची फी भरायची असते, त्याची आठवण कुणालाच राहत नाही. अर्ज तसाच मरतो. फ्लेक्स मात्र पावसाळ्यापर्यंत टिकतो.

मी लिहितेय ती केस अशांतली नव्हती, म्हणूनच डोक्यातून जात नाही.

त्या दिवशी सकाळी आधी एक तरुण आला. शेअर बाजारात ऑप्शन्सचे सौदे आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर त्याने लिहिलं होतं. ॲमेझॉनला एका क्लिकच्या खरेदीवर अमेरिकेत १९९९ साली पेटंट मिळालं हे त्याने वाचलं होतं. तिथल्याच सुप्रीम कोर्टाने २०१४ साली ॲलिस खटल्यात आर्थिक व्यवहार संगणकावर चढवण्याची पेटंटं रद्द ठरवली, हे वाचलं नव्हतं. आपल्याकडे तर पेटंट कायद्याचं कलम ३(के) आहेच: धंद्याची पद्धत, अल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्रॅम बाद. “मग मी कमावलेलं कुणी चोरलं तर?” म्हणाला. कोड कुणाला दाखवू नका, एवढंच सांगता आलं.

त्यानंतर एक रेडिऑलॉजिस्ट. छातीच्या एक्स-रेवरचे संशयास्पद डाग शोधणारी प्रणाली. रोगनिदानाची पद्धत कलम ३(आय) मध्ये अडकते, म्हणून त्यांना म्हटलं, डॉक्टर, निदान सांगू नका, यंत्रणा सांगा: चित्र कसं घेता, कसं सुधारता, कुठला भाग काय करतो. एमआरआयच्या इतिहासातल्या डमाडियनच्या १९७४ च्या पेटंटचं नावच ‘ऊतींमधला कर्करोग शोधण्याचं उपकरण आणि पद्धत’ असं आहे. आपल्याकडे त्यातलं उपकरण टिकेल, पद्धतीवर हरकत येईल. डॉक्टरांना लगेच कळलं. डॉक्टरांना कळतं, फक्त वेळ नसतो.

दुपारी प्राध्यापक आले. मायक्रोबायोलॉजीचे, खरोखर काम केलेले. टॉवेल रंगवणाऱ्या डाईंगच्या सांडपाण्यातून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला होता. रिॲक्टिव्ह रंगांच्या पाण्यात मीठ आणि सोडा ॲश इतका असतो की साधे जिवाणू त्यात जगत नाहीत. यांचा जगतो आणि अझो रंग, म्हणजे नायट्रोजनच्या जोडबंधाचे रंग, फोडतो. मी स्वतः एमएस्सी मायक्रो, त्यामुळे त्यांच्या प्लेट्सचे फोटो बघून जीव हरखला.

पण त्यांनी पहिला दावा, म्हणजे हक्क कशावर मागतोय ते सांगणारं वाक्य, जिवाणूवरच लिहिला होता. अमेरिकेत १९८० साली सुप्रीम कोर्टात शास्त्रज्ञ चक्रवर्तींच्या तेल खाणाऱ्या जिवाणूला पाच विरुद्ध चार मतांनी पेटंटची वाट मोकळी झाली, हे प्रत्येक मायक्रोवाला मला ऐकवतो. चक्रवर्तींनी तो जिवाणू घडवला होता. निसर्गात होता तसाच उचललेला जिवाणू आपल्याकडे कलम ३(सी) मध्ये बसतो, म्हणजे शोध आहे, पण पेटंट नाही. दावा करायचा तो प्रक्रियेवर.

सरांची प्रक्रिया अशी: पाणी न ढवळता ठेवायचं, गुळाचं पाणी घालायचं, आधीच्या हौदातला गाळ मिसळायचा. प्राणवायू नसला की जिवाणू रंगातला नायट्रोजनचा जोडबंध तोडतात आणि रंग जातो. पण इथेच लोक फसतात. रंग गेला म्हणजे पाणी स्वच्छ झालं असं नाही. बंध तुटला की ॲरोमॅटिक अमाइन नावाची रसायनं उरतात आणि त्यातले काही मूळ रंगापेक्षा घातक असतात. म्हणून सरांनी दुसरा टप्पा जोडला होता: हवा सोडायची, दुसरे जिवाणू घालायचे, अमाइन संपवायचे. खरी कमाई हीच होती.

अर्जातल्या संशोधकांच्या यादीत सर, त्यांचे विभागप्रमुख, प्राचार्य आणि संस्थेचे सचिव. सचिवांचं काय योगदान? “त्यांनी इन्क्युबेटरला मंजुरी दिली.” नुसता पैसा घालणारा भागीदार संशोधक ठरत नाही, असा जुन्या म्हैसूर हायकोर्टाचा निकाल आहे. तो सांगितल्यावर सरांचा चेहरा पडला. कायद्यापेक्षा त्यांना सचिवांच्या केबिनची भीती जास्त होती.

कायद्याप्रमाणे नमुना नेमका कुठून घेतला हे लिहावं लागतं. शिवाय जिवाणू अर्जाच्या तारखेपर्यंत चंदिगडच्या किंवा पुण्याच्या सूक्ष्मजीव-संग्रहात जमा हवा आणि पेटंट मिळण्याआधी जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. सरांच्या मसुद्यात मूळ स्थान म्हणून ‘औद्योगिक सांडपाणी, सोलापूर’ एवढंच होतं. मी म्हटलं, चला, जागा बघू.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतली ती डाईंग. मागच्या बाजूला हौद. डाईंग मास्तर पूर्व भागातले, तेलुगू घरातले, बोलणं अस्सल सोलापुरी. एका हौदात गडद मरून पाणी. शेजारच्या हौदातून त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं आणि उन्हात धरलं. फिक्कं पिवळट. नाकाला झोंबणारा वास.

“हे दोन्ही एकच पाणी हाय बगा ताई. हिकडचं परवाचं. ढवळलं की रंग जात न्हाई, गप ठेवलं की जातोय. खराब निघालेला गूळ ह्यात टाकायचा. आणि हितला गाळ एक डबा तिकडं. विरजण लावल्यासारखं.”

कधीपासून करताय?

“मालकाच्या वडलांच्या टायमापासून. शेजारच्यांनी पण बादली भरून नेली की ओ.”

मी सरांकडे पाहिलं. सर पाण्याकडे बघत होते.

न ढवळणं, गूळ, गाळाचं विरजण: दाव्याचा अख्खा पहिला टप्पा मास्तरांचा होता. माझ्या मनात लगेच आलं, यादीत पहिलं नाव यांचं. परतताना रिक्षात कायदा आठवायला लागला. मास्तरांनी हे उघडपणे, वर्षानुवर्षं वापरलंय, शेजाऱ्यांना दिलंय. पेटंटसाठी ते आधीपासून ज्ञात झालं. पहिला टप्पा दाव्यात ठेवला तर कुणीही विरोध दाखल करून अख्खा अर्ज पाडेल. काढला तर उरतो सरांचा दुसरा टप्पा आणि त्या विशिष्ट जिवाणूचा डोस, आणि त्यात मास्तरांचा हात नाही.

म्हणजे अर्ज प्रामाणिक आणि टिकाऊ करायचा तर मास्तरांचं काम ‘पार्श्वभूमी’त टाकावं लागतं. मी तेच केलं. त्या भागात माझ्या हातचं वाक्य आहे: ‘सोलापूर परिसरातील काही रंगप्रक्रिया केंद्रांत, स्थिर ठेवलेल्या सांडपाण्यात गूळ व आधीचा गाळ मिसळून रंग कमी करण्याची रीत प्रचलित आहे.’ कर्त्याशिवायचं वाक्य. पूर्वज्ञानात, म्हणजे अर्जाआधीच ज्ञात असलेल्या गोष्टींत, कुणाचं नाव घालायची पद्धत नाही.

सचिवांचं आणि प्राचार्यांचं नाव मी काढायला लावलं. विभागप्रमुख राहिले, त्यांनी हवेच्या टप्प्याचे प्रयोग खरंच केले होते. सर म्हणाले, “मॅडम, मास्तरांना बॅक्टेरिया म्हणजे काय तेही माहीत नाही.” माहीत नसेल. पण ढवळू नका हे त्यांनाच माहीत होतं, आणि ते सरांनी प्रयोगशाळेत शोधलं नव्हतं, तिथून नमुन्याच्या बाटलीबरोबर आणलं होतं. हे मी बोलले. सरांनी आभाराच्या यादीत मास्तरांचं नाव घालू म्हणून सांगितलं. पेटंटच्या अर्जात आभाराची यादी नसते. ती शोधनिबंधात असते, आणि निबंध अर्जानंतरच छापा असं मीच बजावलं होतं.

अर्ज गेला. काही दिवसांनी मास्तरांचा फोन. कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या हौदाचं पेटंट झालं. “उद्या मला हे बंद करा म्हनतील का?”

नाही म्हणतील, सांगितलं. तुमची रीत आधीपासूनची आहे आणि आम्ही ती तशीच लिहिली आहे. तिच्यावर कुणाचा हक्क लागत नाही.

“मग तेवडं लिहून द्या की.”

ते लिहिलेलं पान माझ्याकडे आहे, पण छापून येईपर्यंत अर्ज गोपनीय आणि अशील सर आहेत, मास्तर नव्हेत. सरांना विचारलं, हा एक परिच्छेद मास्तरांना देऊ का. संस्थेला विचारतो म्हणाले. संस्थेत सचिव आहेत.