चाळीसचं घर की सव्वीसचं

रविवार, रात्री

आज बेळगावात घर घ्यायला लोन किती मिळेल तो आकडा कळला. दोघांच्या पगारावर बत्तीस लाखांपर्यंत बसतंय म्हणे, आणि एजंटनं तिथल्या तिथं हिशेब करून टाकला, बत्तीस लोनचे, आठ तुमचे, झालं की वहिनी चाळीस लाखांचं घर, आता अनगोळात भाड्यानं कशाला राहताय, चला हिंदवाडीत दाखवतो. हे तर गाडीवर बसल्यापासनं खूश, हॉलला रंग कुठला द्यायचा इथपर्यंत पोचले होते. मी घरी येऊन जेवणं आवरली, पोराला झोपवलं आणि वही काढून बसले, कारण दिवसभर ऑफिसात कंपनीचे हिशेब लिहिते तर स्वतःच्या घराचाही तसाच एकेक ओळ धरून लिहायला पाहिजे ना.

पहिलं म्हणजे बत्तीस आले कुठनं ते बघितलं. बँक साधारण एवढंच बघते की सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या चाळीस-पन्नास टक्क्यांच्या वर जाऊ नयेत. आमचे दोघांचे मिळून ६०,००० धरले, त्याचे निम्मे ३०,०००, त्यातनं गाडीचा हप्ता ३,२०० गेला, राहिले २६,८००. आठ टक्के व्याजानं वीस वर्षांसाठी एका लाखाला हप्ता साधारण ८३६ रुपये पडतो, म्हणजे बत्तीस लाख. गणित बरोबर आहे. पण ह्या गणितात आमचा महिना कुठंच नाही, पोराची फी नाही, गावाकडं द्यायचे नाहीत, सासूबाईंच्या शुगरच्या गोळ्या नाहीत.

आणि ते ६०,००० सुद्धा खरे नाहीत. ह्यांची सॅलरी स्लिप समोरच आहे, त्यात ओटीचा म्हणजे ओव्हरटाइमचा एक कॉलम, कधी ७,०००, कधी ५,०००, आणि गेल्या वर्षी पावसाळ्यात दोन ओळीत नुसती रेघ. उद्यमबागेतल्या कारखान्यांत राबणाऱ्या प्रत्येक घराला हे माहिती आहे, कास्टिंगची ऑर्डर जरा मंदावली की पगार तोच राहतो पण पहिलं ओटी जातं, मग दुसरी शिफ्ट जाते. वीस वर्षं भरायचा हप्ता ह्या कॉलमच्या भरवशावर कसा ठेवायचा? म्हणून मी ओटी काढूनच टाकलं. ह्यांचे २९,०००, माझे २५,०००, एकूण ५४,०००. आमचा पगार एवढाच.

मग खर्च. किराणा, भाजी, दूध, सिलेंडर १३,०००. शाळा आणि व्हॅन ४,५००. पेट्रोल, लाईट बिल, मोबाईल ४,०००. गावाकडं ४,०००. गाडीचा हप्ता ३,२००. पॉलिसी आणि मेडिक्लेम महिन्यावर पाडून २,८००. आणि गणपती, दिवाळी, लग्नांचे आहेर, आजारपण, खानापूरला जाणं-येणं, चंदगडला माहेरी जाणं, हे सगळं वर्षाचं काढून बाराने भागलं तर ४,०००. ह्या शेवटच्या ओळीवर हे म्हणाले हे कशाला धरतेस, ते काय दर महिन्याला असतंय का. असतंय ना, दर महिन्याला नसलं तरी दर वर्षाला असतंय, आणि सगळ्यात जास्त उधारी ह्याच ओळीमुळं होते. बेरीज ३५,५००.

५४,००० मधनं ३५,५०० गेले, राहिले १८,५००. बत्तीस लाखांचा हप्ता २६,७६६. ओटी धरून ६०,००० घेतले तरी बसत नाही! आता हप्ता आणि स्वतःच्या घराचा मेंटेनन्स, घरपट्टी साधारण १,५०० असं मिळून १८,५०० च्या आत यायला पाहिजे, तर लोन वीस लाख, हप्ता १६,७२९. गाडीचा हप्ता पुढच्या दिवाळीपर्यंत संपतोय, तेव्हा सुटणारे ३,२०० मी कुठंच धरले नाहीत आणि धरायचेही नाहीत, तो आमचा श्वास आहे.

हे म्हणाले तीस वर्षांचं घेऊ, हप्ता कमी होईल. तेही लिहून बघितलं. वीस लाखांना तीस वर्षांचा हप्ता १४,६७५, म्हणजे महिन्याला वाचले जेमतेम दोन हजार, पण वीस वर्षांत एकूण चाळीस लाख भरायचे ते तीस वर्षांत जवळजवळ त्रेपन्न लाख होतात. आणि हे आत्ता अडतीसचे आहेत, अठ्ठावन्नला रिटायर, पुढची दहा वर्षं कोण भरणार, पोरगा? त्याच्या डोक्यावर आत्तापासनं नको.

व्याजाचाही विचार केला. आठ टक्के आज आहे, उद्याचं कोण सांगतंय. २०२२ च्या मे महिन्यापासनं रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या व्याजानं पैसे देते तो दर, ४ वरनं वर्षभराच्या आत ६.५० वर गेला तेव्हा ऑफिसातल्या एकांचा हप्ता तेवढाच राहिला पण मुदत रिटायरमेंटच्या पुढं गेली, त्यांना कळलंसुद्धा उशिरा. आता रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमानं व्याज बदललं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे बँकेला आपल्याला विचारायला लागतं. आमचं नऊ टक्के झालं तर हप्ता १८,००० च्या आसपास जाईल. मेंटेनन्स धरून एक हजार कमी पडतील, तेव्हा तो गाडीचा हप्ता सुटलेला असेल. म्हणूनच ते ३,२०० बाजूला.

आता घराची किंमत. एजंट चाळीस म्हणतो ते चाळीसला मिळत नाही. कर्नाटकात जुन्या घराच्या खरेदीला स्टॅम्प ड्यूटी ५ टक्के, त्यावर सेस आणि सरचार्ज मिळून शहरात ५.६ होतात, आणि रजिस्ट्रेशन फी ३१ ऑगस्ट २०२५ पासनं १ ची २ टक्के झालीय. एकूण ७.६ टक्के. चाळीस लाखांवर ३ लाख ४ हजार, आणि हे पैसे बँक लोनमध्ये देत नाही, खिशातनं भरायचे. वकिलाचं ओपिनियन, बँकेची प्रोसेसिंग, व्हॅल्युएशन, ग्रील, रंग, शिफ्टिंग असा लाख तरी वेगळा. आमच्याकडं एफडी, पीएफ सगळं गोळा करून साडेदहा लाख, त्यातले दीड लाख कुठल्याही परिस्थितीत मोडायचे नाहीत, दवाखान्याचे आणि नोकरी गेली तर दोन-तीन महिन्यांचे. राहिले नऊ. चाळीसच्या घराला आठ अधिक तीन अधिक एक म्हणजे बारा लागतात. माझ्या आईनं फोनवर लगेच सांगितलं, काय गे एवढा विचार करतीस, गंठण मोड. तिचा जीव आहे म्हणून म्हणते ती, पण गंठण मोडून बँकेच्या हप्त्याला सुरुवात करायची नाही असं मी ठरवलंय.

लोनचे वीस आणि आमचे नऊ, एकोणतीस लाख. त्यातनं एक लाख बाजूला काढून उरलेल्याला १.०७६ ने भागलं की सव्वीस लाख येतात. आमचं घर सव्वीस लाखांचं. ह्यांनी तीनदा कॅल्क्युलेटर चालवलं, सव्वीसच येतंय.

हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले सव्वीसला हिंदवाडी येणार नाही. नाही येणार. गणेशपूर, मजगाव, कंग्राळी बाजूला जुना वन बीएचके, नशीब असलं तर छोटा टू बीएचके येईल. सासूबाई आल्या की त्यांना हॉलमध्ये झोपायला लागू नये एवढंच ह्यांचं म्हणणं, आणि ते मला शंभर टक्के पटतंय, म्हणून वन बीएचके बघायचा तर मोठ्या हॉलला पार्टिशन होण्यासारखा बघायचा.

सव्वीसचा एक फायदा मात्र नंतर लक्षात आला. पीएम आवास शहरी २.० मध्ये वर्षाचं उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर पस्तीस लाखांपर्यंतचं, लोन पंचवीस लाखांपर्यंतचं आणि नवरा-बायको-मुलांच्या नावावर देशात कुठंच पक्कं घर नसेल तर पहिल्या आठ लाखांवर ४ टक्के व्याजाची सबसिडी आहे, जास्तीत जास्त १.८० लाख, पाच वर्षांत हप्त्यांनी. गावाकडचं घर सासऱ्यांच्या नावावर आहे. चाळीसच्या घराला हे दारच बंद होतं. पण मिळालं तर मिळालं, हिशेबात धरलेलं नाही. टॅक्स वाचतो म्हणून मोठं लोन घ्या हेही एजंट सांगत होता, आमचं दोघांचं मिळून आठ लाख नाही होत, नव्या रिजीममध्ये आम्हाला टॅक्सच नाही, वाचवायचं काय?

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. एक, गुंठ्यातला प्लॉट. शेतजमिनीचा एक गुंठा, १,०८९ स्क्वेअर फूट, बाँडवर लिहून स्वस्तात देतात, आमच्या गल्लीतल्या दोघांनी घेतलाय. एनए म्हणजे बिगरशेती केलेलं नाही, ई-खाता म्हणजे मिळकतीचा सरकारी ऑनलाइन उतारा नाही, म्हणजे लोन नाही आणि पुढं विकताना गिऱ्हाईक नाही. दुसरं, वरचे पैसे. एका घरमालकानं सरळ सांगितलं, कागदावर वीस दाखवू, सहा रोख द्या. कागदावर वीस म्हटलं की बँक वीसच्याच हिशेबानं लोन देणार, ते सहा आम्ही कुठनं आणायचे, आणि पावती नसलेले सहा लाख, आमच्या सात-आठ वर्षांच्या बचतीचे, मला झोप नाही लागणार.

ठरलं ते असं. पुढच्या महिन्यापासनं घर घेतल्यासारखंच राहायचं. भाडं ८,५०० जातंच, वरचे ९,७०० पाच तारखेच्या आत आरडीत टाकायचे आणि ते हप्ता गेला असंच धरायचं. ओटी आलं तरी त्याला हात लावायचा नाही. गणपती ह्याच काळात येतोय ते बरंच आहे, खर्चाचा महिना कसा निघतो ते तेव्हाच कळेल. निघाला तर वीस लाख नक्की, नाही निघाला तर अठरा, आणि घर चोवीसचं.

एजंटला उद्या फोन करून सव्वीस सांगायचं, वर एक रुपया नाही. गणेशपूरच्या फ्लॅटचा ई-खाता आणि घरावर कुठला बोजा आहे का ते दाखवणारी मागची ईसी मागायची, खरेदीपत्र कन्नडमध्ये आहे, शेजारच्या सरांकडनं ओळ न् ओळ वाचून घ्यायचं, मेंटेनन्स किती आणि मागची थकबाकी आहे का विचारायचं. ह्यांना शनिवारी सुट्टी आहे, तेव्हा सासूबाईंनाही खानापूरहून बोलवून घेते, जिना किती उंच आहे ते त्यांनीच चढून बघितलेलं बरं.