तळ्याकाठची केबिन निवडताना मी आधी धक्का बघितला

गटाच्या मासेमारीच्या सहलीसाठी जागा ठरवायचं काम माझ्याकडे आलं, आणि मी ते आनंदाने घेतलं. आम्ही अकरा जण होतो. निम्मे वर्षानुवर्षं गळ टाकत आलेले, दोघांनी रॉड कधी हातातही न धरलेला, एक काका गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्यांदाच पाण्यावर येणारे आणि एक चौदा वर्षांचा पुतण्या. सगळ्यांचं म्हणणं असं, की सगळ्यांना थोडं थोडं आवडेल असं रिसॉर्ट बघ. मला ते पटलं नाही. अशा सहलीत दिवस चांगला जातो की वाया, हे एकाच गोष्टीवर ठरतं: उजाडायच्या आत किती जण, किती कमी खटपटीत होडीत बसतात. पलंगापासून होडीपर्यंतची वाट सोपी असेल तर बाकीचं जमवून घेता येतं.

त्यामुळे केबिनचे फोटो बाजूला ठेवले आणि आधी तळी बघायला घेतली. आमच्या तारखा ऐन उन्हाळ्यातल्या. खोल तळ्यात त्या दिवसांत पाण्याचे थर पडतात. पाणी साधारण 4 अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून थंड पाणी तळाशी बसतं आणि उन्हाने तापलेलं वर राहतं. दोन्ही सहजी मिसळत नाहीत. ट्राउटसारखे थंड पाण्याचे मासे अशा वेळी खाली उतरतात. त्यांच्यापर्यंत पोचायला फिश फाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र हवं, आमिष नेमक्या खोलीवर धरून ठेवायचं तंत्र हवं. जुन्या मंडळींना ते आवडलं असतं, पण नवख्यांनी नुसतं पाण्याकडे बघत बसायचं, हे मला नको होतं.

उलट अगदी उथळ तळंही नको. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: 0 अंशाला लिटरमागे 14 मिलिग्रॅमच्या वर, 30 अंशाला जेमतेम साडेसात. त्यात पाणवनस्पती दाट असतील तर त्या रात्रभर प्राणवायू वापरतात आणि पहाटे, म्हणजे नेमक्या आपल्या वेळेला, मासे सुस्तावलेले असू शकतात. मला हवं होतं मधलं काहीतरी: काठाला उथळ, गवताळ खाड्या आणि जवळच एकदम खोल होणारा भाग. तळ्याच्या खोलीचा नकाशा मिळाला की हे लगेच दिसतं. जिथे सारख्या खोलीच्या रेषा एकमेकींना चिकटतात तिथे तळ झपकन उतरतो, आणि मासे अशा उताराच्या कडेने ये-जा करतात. असा नकाशा ज्या तळ्याचा मिळाला नाही, ते मी यादीतून काढून टाकलं.

वाऱ्याचाही विचार केला. वारा वरचं पाणी आणि त्यातले सूक्ष्म जीव समोरच्या काठाकडे ढकलतो. त्यामागे बारके मासे जातात आणि बारक्यांमागे मोठे. म्हणजे वारा ज्या काठावर आदळतो तिथे मासे बरे. पण लाटाही तिथेच आपटतात, आणि तळं वाऱ्याच्या दिशेने जितकं लांब तितक्या त्या मोठ्या होतात. म्हणून राहायचं ते आडोशाच्या काठाला आणि गळ टाकायला जायचं ते वाऱ्याच्या काठाला, असा माझा हिशेब होता. या एका अटीवर दिसायला देखणी अशी दोन ठिकाणं गळाली, आणि त्याबद्दल गटात थोडी कुरकुर झाली. एका ठिकाणच्या केबिनला तळ्याकडे तोंड करून मोठी काच होती, सगळ्यांचा जीव तिच्यात अडकला होता. ती काच मलाही आवडली होती, पण तिच्यासमोरचं पाणी दुपारनंतर होडी बांधण्यासारखं राहत नव्हतं.

मग उरलेल्या ठिकाणी फोन करायला घेतले. माझा पहिला प्रश्न धक्क्याचा, म्हणजे जिथून होडीत चढायचं त्या फळ्यांच्या वाटेचा. धरणामागचा जलाशय असेल तर उन्हाळ्यात पाणी ओसरतं, आणि फोटोत पाण्यात उभा दिसणारा धक्का आपण पोचतो तेव्हा चिखलात असू शकतो. एका रिसॉर्टने पाठवलेल्या फोटोत पाणी फळ्यांना टेकलेलं होतं. गूगल अर्थवर जुनी उपग्रहचित्रं बघता येतात. त्यात तीच खाडी उन्हाळ्याच्या शेवटी बघितली तर धक्क्याच्या टोकापुढेही गाळाचा रुंद तपकिरी पट्टा. तिथे विचारल्यावर उत्तर आलं, की पाणी थोडंफार कमीजास्त होतंच. तेवढ्यावर मी पुढचं बोलणं थांबवलं.

दुसऱ्या ठिकाणी फोन उचलला तो तिथलं सगळं बघणाऱ्या ताईंनी. मी विचारलं, "धक्क्याच्या टोकाला पाणी किती असतं?" त्या म्हणाल्या, "थांबा, मोजूनच सांगते." तासाभरात फोटो आला. लांब काठी, निम्म्याहून जास्त ओली, शेजारी उलगडलेली टेप, आणि ओल सव्वा मीटरच्या खुणेपर्यंत. फोटोच्या कोपऱ्यात उपडी बादली, धक्क्याच्या शिडीची एक पायरी वाकलेली. सोबत निरोप: "पायरी बदलून घेणार आहोत. धक्का तरंगता आहे, पाण्याबरोबर वर-खाली होतो." इतक्या ठिकाणचे चकचकीत फोटो बघून मला जे कळलं नव्हतं ते या एका फोटोतून कळलं. वाकलेली पायरी न लपवणाऱ्या माणसाकडे होड्यांची निगाही नीट असणार, असं मी धरून चाललो.

तरंगता धक्का काकांसाठी फार महत्त्वाचा. फळी आणि होडीची कड जवळपास एका पातळीला राहते, पाय खोल टाकावा लागत नाही. केबिनपासून तिथवर पायऱ्या किती, कठडा आहे का, अंधारात दिवा लागतो का, हे सगळं विचारलं. सगळ्यात जवळच्या दोन केबिन मागून घेतल्या आणि एकीत काका व पुतण्या असं तेव्हाच ठरवून टाकलं.

झोपण्याच्या सोयीबद्दल एवढंच सांगतो, की "दहा जण झोपू शकतात" या वाक्यावर जाऊ नका. त्यात बैठकीतला सोफा आणि शिडीवरून चढायचा पोटमाळाही मोजलेला असतो. खरे पलंग किती आणि पहाटे एकाच वेळी उठणाऱ्यांना स्वच्छतागृहं किती, हे विचारा.

विजेचा मुद्दा मात्र कोणी काढतच नाही, आणि माझ्या मते तो अर्धी सहल आहे. आमच्या होड्यांना विजेवर चालणाऱ्या मोटरी लावायच्या होत्या. 100 अँपिअर-तासांची बॅटरी निम्मी उतरली तर 10 अँपिअरच्या चार्जरला ती भरायला पाच तासांहून जास्त लागतात. म्हणजे संध्याकाळी परतल्या परतल्या सगळ्या बॅटऱ्या एकदम लावाव्या लागणार. तेवढा भार केबिनचं वायरिंग सोसेल का? आणि लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, त्यामुळे ती झोपायच्या खोलीत लावायचीच नाही. ताईंनी सांगितलं, की धक्क्याजवळ छप्पर असलेली, चारी बाजूंनी मोकळी शेड आहे आणि तिथे वेगळी लाइन आहे. हे ऐकलं आणि माझं जवळजवळ ठरलंच.

तिथेच मासे साफ करायचं टेबल होतं, नळासकट. मासा पकडल्यावर लवकर साफ करून बर्फात ठेवला नाही तर उन्हाळ्यात बघता बघता खराब होतो, म्हणून फ्रीझरमध्ये आमच्यासाठी जागा राखून ठेवायलाही सांगितलं.

होड्यांचं विचारताना नुसतं "चार जणांची" यावर भागत नाही. बऱ्याच देशांत लहान होडीवर किती माणसं आणि एकूण किती वजन चालेल, याची पाटी असते. त्या वजनात बॅटरी, बर्फाची पेटी, सामान सगळं धरायचं. मी पाटीचा फोटो मागवला आणि चार जणांच्या होडीत तीनच बसतील असं ठरवून एक होडी जास्त सांगितली. लाइफ जॅकेट वजनाप्रमाणे येतात, तेव्हा पुतण्याचं वजन कळवून त्याच्या मापाचं आहे याची खात्री करून घेतली. मोठ्या माणसाचं जॅकेट मुलाला घातलं तर पाण्यात ते वर सरकतं आणि मूल खाली राहतं. इथे मी कोणाचंही "चालेल हो" ऐकून घेतलं नाही.

आमच्यापैकी एकाला स्वतःची होडी आणायची होती. तेव्हा ताईंनीच विचारलं, की ती याआधी कुठल्या पाण्यात होती. मला हे फार आवडलं. झेब्रा शिंपला मूळचा काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियनच्या बाजूचा. 1988 मध्ये तो उत्तर अमेरिकेत लेक सेंट क्लेअरमध्ये सापडला आणि पुढे तळ्यांमागून तळी त्याने व्यापली. होडीच्या तळाला चिकटून किंवा आत साचलेल्या पाण्यातून तो प्रवास करतो. म्हणून होडी धुवायची, सगळं पाणी काढायचं आणि पूर्ण वाळवूनच दुसऱ्या तळ्यात उतरवायची. जिवंत आमिष चालतं का, परवाना कोणाकोणाला लागतो, दिवसाला किती मासे ठेवता येतात, हेही त्याच फोनवर लिहून घेतलं.

शेवटी उरलं पक्कं करणं. केबिन कुठल्या, होड्या किती, शेड आणि फ्रीझर आमच्या वापराला, वादळाने तळं बंद राहिलं तर पैशांचं काय, हे सगळं लेखी मागितलं आणि ते त्याच संध्याकाळी आलं. आगाऊ रक्कम त्यानंतरच भरली.

पहिल्या पहाटे काका कोणाचाही हात न धरता होडीत बसले. शिडीची पायरी नवी होती. परत निघायच्या दिवशी पुढच्या खेपेच्या तारखा ताईंकडे दिल्या, त्याच दोन केबिन मागितल्या, आणि मासे साफ करायच्या टेबलावर अजून एक दिवा लावा, एवढी एकच नवी विनंती केली.