आमची वाटचाल : १०,००० की १०,२४०?

भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये पंप आणि मोटरच्या कंपन-चाचणीचे टेस्ट बेंच तयार होतात. मोजणी लॅबव्ह्यू हे मोजमापाचं सॉफ्टवेअर करतं, गणित मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर. एकाचा डेटा दुसऱ्याकडे नीट पोहोचवण्याची ही वाटचाल.

सुरुवात सीएसव्ही, म्हणजे आकडे साध्या मजकुरात ठेवणाऱ्या फाइलपासून. लॅबव्ह्यूचं स्प्रेडशीट फाइल लिहिणारं फंक्शन जसंच्या तसं वापरलं, तर दशांशानंतर तीनच आकडे ठेवतं. म्हणजे ०.०००४ जीचं (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) कंपन फाइलमध्ये थेट ०.०००. नंतर टीडीएमएस, म्हणजे लॅबव्ह्यूच्या बायनरी फाइलवर आलो. मॅटलॅबच्या २०२२ए आवृत्तीपासून ती थेट वाचता येते.

मग मॅटलॅब स्क्रिप्ट नोड, म्हणजे लॅबव्ह्यूच्या आतच मॅटलॅबचा कोड चालवणारा चौकोन. तो विंडोजवरच चालतो आणि त्या संगणकावर परवान्यासह मॅटलॅब लागतं. नोडच्या प्रत्येक टोकाचा डेटा-प्रकार हाताने निवडावा लागतो. तो नोड मोजणीच्याच लूपमध्ये टाकला, की गणित होईपर्यंत बफर (नमुने तात्पुरते साठवणारी मेमरी) भरून वाहतो आणि उणे २००२७९ ही एरर येते. उपाय दोन लूपचा: एकात फक्त मोजणी, दुसऱ्यात गणित, मध्ये क्यू, म्हणजे डेटाची रांग. बफर वाढवत बसणं म्हणजे दुखणं पुढे ढकलणं.

डीएक्यूएमएक्स हा मोजणीच्या हार्डवेअरचा ड्रायव्हर चार चॅनेलचा डेटा देतो तेव्हा ओळ म्हणजे चॅनेल, स्तंभ म्हणजे नमुने. मॅटलॅबचं एफएफटी (कंपनातल्या वारंवारता वेगळ्या करणारं गणित) मात्र स्तंभावरून चालतं. आडवं-उभं न बदलता दिलं, तर चार-चार आकड्यांचे हजारो एफएफटी निघतात आणि एररही येत नाही.

सगळ्यात छुपी चूक सॅम्पलिंग रेटची, म्हणजे सेकंदाला किती नमुने घेतले याची. आमच्या एनआय ९२३४ या कंपन मोजणाऱ्या मॉड्यूलचा कमाल वेग सेकंदाला ५१,२०० नमुने. बाकीचे वेग त्याला पूर्णांकाने भागून मिळतात. १०,००० मागितले की ड्रायव्हर निमूट १०,२४० देतो. मॅटलॅबच्या कोडमध्ये १०,००० लिहिलेलं राहिलं, तर मिनिटाला १,४८० फेऱ्यांची मोटर आलेखात १,४४५ची दिसते. चार पोलच्या मोटरला स्लिप (१,५०० फेऱ्यांच्या मूळ वेगापेक्षा मागे पडणं) २० ऐवजी ५५ फेऱ्या! लोड जरा जास्त असेल, असं म्हणून माणूस पुढे जातो. आकडा पटण्यासारखा आहे हीच गोची. म्हणून सॅम्पल क्लॉकचा खरा रेट ड्रायव्हरकडून परत वाचून तोच डेटासोबत पाठवायचा.

प्रत्येक ग्राहकाने मॅटलॅब विकत घ्यायचं हे परवडणारं नव्हतं. आता गणित कंपाइल करून डीएलएल (लॅबव्ह्यूला वापरता येणारी तयार फाइल) देतो, सोबत ती चालवणारा, मोफत मिळणारा मॅटलॅब रनटाइम. तो कंपाइल केलेल्या आवृत्तीचाच हवा. एक आवृत्ती पुढचाही चालत नाही.

बेंच पाठवण्याआधी सेन्सरवर हातात धरायचा कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेलं कंपन देणारं उपकरण लावतो: १५९.२ हर्ट्झ, १० मीटर प्रति सेकंद वर्ग आरएमएस. आलेखातलं शिखर १५५ हर्ट्झच्या आसपास आलं, तर रेट तपासायचा. उंची निम्मी भरली, तर हॅन विंडोची (एफएफटीआधी डेटाची दोन्ही टोकं शून्याकडे नेणाऱ्या गुणकाची) भरपाई राहिली.