तुम्ही विचारलंत म्हणून: केस किती आणि इन्स्पेक्टरचं घर किती?

मी क्राइम मालिका लिहिते हे कळलं की लोक आधी विचारतात, "खून सुचतात कुठून?" त्याला माझ्याकडे ठरलेलं उत्तर आहे (सोसायटीच्या मीटिंगमध्ये). दुसरा प्रश्न जरा जास्त मालिका बघणाऱ्यांचा असतो. लग्नाच्या पंगतीत विचारलाय, लोकलमध्ये विचारलाय, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलाय: "केस किती दाखवायची आणि त्या पोलिसाची बायको-मुलं किती, हे ठरवता कसं?"

बरीच वर्षं मी "ऐंशी-वीस" असं ठोकून द्यायचे. समोरचा मान डोलवायचा, विषय संपायचा. तो आकडा मी हवेतून काढलेला होता.

हिशोब करायचाच तर असा आहे. तासाच्या स्लॉटमधून जाहिराती वजा केल्या की हातात ४२ ते ४५ मिनिटं उरतात. त्यात प्रेत सापडायचं, ओळख पटायची, तीन संशयित उभे करायचे, त्यातल्या एकामागे प्रेक्षकाला उगाच पळवायचं आणि शेवटी ज्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं त्याला पकडायचं. प्रत्येक ब्रेकच्या तोंडाशी काहीतरी उघडकीला यायला हवं, नाहीतर माणूस रिमोट उचलतो. एवढं बसवल्यावर इन्स्पेक्टरच्या घरासाठी दीड सीन उरतो, आणि भाग लांबला तर एडिटर पहिला तोच उडवतो.

माझ्या पहिल्या मोठ्या कामात चॅनलकडून निरोप आला, "कॅरेक्टरला पर्सनल ट्रॅक हवा." म्हणून मी आमच्या इन्स्पेक्टरला घटस्फोट दिला. १४ भाग, दर भागाला दोन सीन. बायको वकिलाकडे, मुलगी गप्प, तो रात्री दोनला गार भात खातोय. मला ते फार हृद्य वाटायचं. सासूबाई डोंबिवलीच्या घरी हॉलमध्ये बसून मालिका बघायच्या. घटस्फोट सुरू झाला की त्या उठून कुकर लावायला जायच्या आणि बरोबर प्रेताजवळ परत यायच्या. तीन आठवडे मी गप्प राहिले, मग न राहवून विचारलं, "आई, मधेच का उठता?"

"अगं, तो घरी गेला की केस थांबते ना. तेवढ्यात माझं काम उरकतं."

एवढी नेमकी नोट मला कुठल्याच चॅनलने दिलेली नाही. ते २८ सीन काढून टाकले असते तरी एकही खुनी सुटला नसता, की एकही आधी सापडला नसता.

मग मी हे जुळवणारे लोक काय करतात ते बघायला बसले. अमेरिकेत १९७१पासून मालिका म्हणून आलेल्या 'कोलंबो'त खून कोणी केला हे आपल्याला सुरुवातीलाच दिसतं. उरतात फक्त चुरगळलेल्या रेनकोटमधला पोलिस लेफ्टनंट कोलंबो आणि समोरचा स्वतःवर खूश असलेला बडा माणूस. कोलंबो उठता-बसता बायकोबद्दल बोलतो: तिला हे आवडतं, तिचं त्याबद्दल असं मत आहे. बायको मालिकेत एकदाही दिसत नाही. संशयिताला वाटतं, काय बावळट आहे हा, कामाच्या वेळी घरचं पुराण लावतोय, आणि तो गाफील होतो. बायको ही त्याची चौकशीची पद्धत आहे! तिच्यासाठी वेगळा सीन लिहायची गरजच पडत नाही.

आपल्याकडे 'सीआयडी'ला हसणं सोपं आहे, मीही हसलेय. दया दरवाजा तोडणार, एसीपी प्रद्युम्नांची बोटं हवेत फिरणार. पण १९९८ ते २०१८ ती चालली, पंधराशेच्या वर भाग झाले आणि डिसेंबर २०२४मध्ये ती परत आली. ('सीआयडी'चे निर्माते बी. पी. सिंग आणि प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम ही जोडी त्याआधी दूरदर्शनवर मराठी 'एक शून्य शून्य'मध्ये होती, हे माझ्या वयाच्या लोकांना आठवेल.) तुम्ही गावाला गेलात, चार भाग चुकले, तरी पाचव्याला काही अडू नये अशी तिची रचना. अशा मालिकेत माणसं बदलून चालत नाही, म्हणून ती खुणांनी लक्षात ठेवायची. प्रद्युम्न आणि डॉक्टर साळुंखे यांची जुनी मैत्री आपल्याला कळते ती लॅबमध्ये, प्रेताशेजारी, पुराव्यावरून चाललेल्या वादावादीतून. आणि तरी कुणालाही विचारा सीआयडीतलं काय आठवतं. केस एकही धड सांगता येणार नाही, पण प्रद्युम्नांनी पोटच्या मुलाला, नकुलला, गोळी घातली हे सांगतील. तिथे मुलगाच गुन्हेगार होता. घर आणि केस एकमेकांना चुकवूच शकत नव्हती.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते 'द वायर'ने. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, २००२ ते २००८, पाच सीझन, ६० भाग. पहिल्या सीझनचे १३ भाग मिळून एकच केस, आणि फोन टॅपिंग सुरू व्हायलाच कितीतरी भाग जातात. त्यातला डिटेक्टिव्ह मॅकनल्टी दारू पितो, बायकोपासून वेगळा राहतो. असे डिटेक्टिव्ह पैशाला पासरी मिळतात. पण ही केस मुळात उभी कशी राहते? पहिल्याच भागात, एका खटल्यात आरोपी सुटल्यावर, तो वरिष्ठांना डावलून न्यायाधीशाजवळ नको तेवढं बोलून जातो. न्यायाधीश वर फोन लावतो आणि नाइलाजाने एक पथक नेमलं जातं. त्याला तोंड आवरता आलं असतं तर मालिकाच झाली नसती. स्वभाव आधी, केस नंतर. हे बघितल्यावर माझा गार भात मला फारच गार वाटायला लागला.

दिल्लीतल्या २०१२च्या सामूहिक बलात्काराच्या तपासावरच्या 'दिल्ली क्राइम'च्या पहिल्या सीझनमध्येही तपास करणाऱ्या पोलिस अधिकारी वर्तिकाच्या मुलीला दिल्ली सोडून परदेशी जायचंय. आईने तिला अडवायचं तर कुठल्या तोंडाने, हा प्रश्न तपासाच्या प्रत्येक तासाला अधिक टोचत जातो. तिच्या घरचा सीन चालू असताना कुकर लावायला कोण उठेल?

पुढच्या सीझनला आमचा घटस्फोट मी गुपचूप मिटवला, म्हणजे त्याचा उल्लेखच बंद केला. एकाही प्रेक्षकाने विचारलं नाही. एका भागात इन्स्पेक्टर खून झालेल्या एका मुलाच्या घरी बातमी द्यायला जातो. चाळीतली खोली, दारात चपला. मी लिहिलं, 'तो बूट काढतो.' दिग्दर्शक म्हणाला, पोलिस कशाला बूट काढतील, वेळ जातो. मी म्हटलं, हा काढतो. शूटिंगच्या दिवशी नटाच्या मोज्याला अंगठ्यापाशी खरोखरच भोक होतं. कॉस्च्युमवाले दादा दुसरा जोड आणायला पळाले, तर दिग्दर्शकाने त्यांना थांबवलं. तर तो तसा उभा आहे, मुलाचा बाप त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नाही म्हणून पायांकडे बघतोय, आणि याच्या अंगठ्याला गारवा लागतो. फरशी ओली आहे. रात्री साडेदहाला, पाण्याची बोंब असलेल्या चाळीत, कुणीतरी फरशी धुतलीय. तिथून केस फिरते. पायात बूट असते तर त्याला ते कळलं नसतं.

तो भाग लागला त्या दिवशी सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, जेवायला दहा वाजले. भात वाढता वाढता म्हणाल्या, "त्याचे मोजेबिजे बघायला घरी कुणी दिसत नाही गं. बायको सोडून गेली असेल का?"