रँडम पेज कॉस्ट बदलायच्या आधी डिस्क मोजली

रिपोर्टची एक क्वेरी होती, इंडेक्स असूनही पोस्टग्रेस डेटाबेसचा प्लॅनर (क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते ठरवणारा भाग) हट्टाने अख्खं टेबल सिक्वेन्शियल, म्हणजे ओळीने, वाचत बसायचा, आणि युजर्सचा ओरडा चालू झालेला. टीममधला एकजण म्हणाला, अरे आता एसएसडी आहे ना, रँडम पेज कॉस्ट ४ वरून १.१ कर, सगळे तेच करतात. ही सेटिंग प्लॅनरला सांगते, की एक पान उडी मारून वाचणं ओळीने वाचण्यापेक्षा किती महाग धरायचं; आकडा कमी केला की त्याचा कल इंडेक्सकडे जातो. म्हटलं करू, पण आधी डिस्क मोजू.

एफआयओ, म्हणजे डिस्कचा वेग मोजायचं टूल, लावलं. ब्लॉक ८ केबीचा, कारण पोस्टग्रेसचं पान तेवढंच असतं, टेस्टची फाइल रॅमपेक्षा मोठी, आणि डायरेक्ट आयओ चालू. हे शेवटचं फार महत्त्वाचं, नाहीतर ऑपरेटिंग सिस्टिम पेज कॅशमधून उत्तरं देते आणि आपण डिस्कच्या नावाने रॅम मोजत बसतो.

एसएसडीवर सिक्वेन्शियल साधारण ५०० एमबी सेकंदाला. रँडम, क्यू डेप्थ (डिस्ककडे एका वेळी किती मागण्या टाकून ठेवायच्या) १ ला, ७० च्या आसपास, आणि डेप्थ ३२ केली की तीच डिस्क ३५० च्या पुढे. बरेच लोक हा ३२ वाला आकडा दाखवून खूश होतात, पण साधा इंडेक्स स्कॅन एक पान मागतो, ते येईपर्यंत थांबतो, मग पुढचं मागतो, म्हणजे आपल्या कामाचा आकडा १ वालाच. सातपट फरक. तरी १.१ पटतं, कारण तो डीफॉल्ट ४ सुद्धा पोस्टग्रेसच्या डॉक्युमेंटेशनप्रमाणे रँडम वाचन ४० पट महाग, पण ९० टक्के पानं कॅशमध्येच सापडतील असं धरून आलेला आहे. आमचा चालू डेटा बहुतेक वेळ मेमरीतच असतो.

मग टेबलस्पेसची (पोस्टग्रेस डेटा कुठे कुठे ठेवतो त्या जागांची) यादी काढली आणि तिथे खरी गोष्ट कळली, जुना आर्काइव्ह डेटा अजून फिरत्या डिस्कवर होता आणि हे टीममध्ये कोणाच्या डोक्यातच नव्हतं. ७२०० आरपीएमची डिस्क, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद, म्हणजे नुसतं पान हेडखाली यायलाच सरासरी ४ च्या वर, त्यात हेड सरकायचा वेळ वेगळा. सिक्वेन्शियल १६० एमबी, रँडम मात्र सेकंदाला जेमतेम ९० पानं, एक एमबीसुद्धा नाही!

तिथलं एक ८ जीबीचं टेबल घेतलं. ओळीने वाचलं तर मिनिटाच्या आत संपतं. त्यातली ७ लाख पानं इकडून तिकडे उड्या मारत वाचायची तर दोन तासांच्या वर. आणि आर्काइव्ह कोणी रोज बघत नाही, कॅशमध्ये काहीच नसतं, त्यामुळे ९० टक्केवालं गृहीतक तिथे लागूच होत नाही. सेशनपुरतं १.१ सेट करून त्या टेबलच्या क्वेरीचं एक्सप्लेन (प्लॅनरने निवडलेला मार्ग) बघितलं, प्लॅन बदलून इंडेक्स स्कॅनवर गेला होता. बघूनच धडकी भरली. कॉन्फिगमध्ये ग्लोबल बदल केला असता तर एक रिपोर्ट पळाला असता आणि महिनाअखेरचे सगळे आडवे झाले असते.

सुदैवाने ही सेटिंग टेबलस्पेसवर वेगवेगळी देता येते, अल्टर टेबलस्पेसची एक ओळ. एसएसडीवाल्याला १.१ दिलं, आर्काइव्ह ४ वरच ठेवलं, तिथले प्लॅन आधीपासून बरोबरच येत होते. ओरडा होता ती क्वेरी इंडेक्सवर आली, बफर्ससकट एक्सप्लेन अनालाइझ (क्वेरी खरंच चालवून किती पानं वाचली तेही दाखवणारं) काढून खात्री केली. एफआयओच्या जॉब फाइल्स आता कॉन्फिगच्याच रेपोमध्ये टाकल्यात, आर्काइव्ह नव्या डिस्कवर गेला की आधी त्या चालवायच्या, मगच त्या ४ ला हात लावायचा.