बोलता बोलता थांबणारी मुलं

राजगुरुनगर मागे टाकून गाडी तिवईचा चढ चढायला लागली, की अजूनही मला वह्या तपासायच्या राहिल्यात असं वाटतं. या टेकडीवर सह्याद्री स्कूल 1995 साली सुरू झालं, ज्यांच्या विचारांवर ते चालतं त्या तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी. ते 1986 मध्येच गेले, त्यांनी ही शाळा पाहिली नाही. पण ज्या संघटनेनं त्यांना जगद्गुरू ठरवलं होतं, ती त्यांनी 1929 साली स्वतःच विसर्जित केली, ही गोष्ट मी नव्या मुलांना आवर्जून सांगायचे.

माजी विद्यार्थी दर वर्षी जमतात. स्वागत, ओळखी, जेवण होतंच. मी वाट बघते ती मनोगतांची. तयारी करून आलेली मुलं छान बोलतात, पण माझा जीव अडकतो अडखळणाऱ्यांत. एका वर्षी एक मुलगा उठला, वर्गात कधी तोंड न उघडणारा. "इथे माझा नंबर कितवा, हे मला कुणी सांगितलं नाही," एवढं म्हणाला आणि पुढचं वाक्य येईना. हातातल्या कागदाच्या घड्या घालत राहिला, पार बोटाएवढा होईपर्यंत. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी 'बोल, बोल' म्हटलं नाही. अस्ताचलाला, म्हणजे शाळेतल्या संध्याकाळच्या मौनाच्या वेळी, सूर्य मावळेपर्यंत गप्प बसलेली मुलं ती, त्यांना थांबता येतं. मग तो म्हणाला, "बाहेर गेल्यावर सगळ्यांनी सांगितलं," आणि खाली बसला. मला चष्मा काढावा लागला.

असं काही ऐकलं, की न येणाऱ्यांचा रागच येतो. परदेशातली मुलं रजा जुळवून येतात आणि पुण्यातली 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणतात. त्यांतली काही माझी फार लाडकी, म्हणून जास्तच लागतं.

हे सगळं जमून येतं ते पहाटे चहा ठेवणाऱ्या काकांमुळे, पोळ्यांच्या मावश्यांमुळे, घाटातून चार-चार खेपा करणाऱ्या ड्रायव्हरदादांमुळे, सतरंज्या घालणाऱ्या अकरावीच्या मुलांमुळे, महिनाभर फोन करणाऱ्या ऑफिसातल्या ताईंमुळे, दवाखान्यात बसून राहणाऱ्या सिस्टरांमुळे. माळीकाका, रात्रीचे वॉचमन, माईकवाला मुलगा. आणि वसतिगृहातल्या गाद्या उन्हात घालून ठेवणाऱ्या त्या दोघी. मागच्या वेळी आभारात त्यांचीच नावं राहिली होती. या वर्षी ती मी आदल्या दिवशीच लिहून घेतली आणि सगळ्यांत आधी वाचली.