काळी तीन, काळी चार, काळी पाच

मे महिन्यात जळगावात पियानो शिकवायचा तर पट्ट्या पुसायला एक पंचा हाताशी लागतोच. पारा ४४ वर, पोरांची बोटं घामानं घसरतात. त्यात त्या रविवारी लाईट गेली. डिजिटल पियानो मुका झाला आणि राहिला कोपऱ्यातला जुना उभा पियानो. मेमध्ये मी त्याला हात लावत नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसतं, तारा उतरतात. ट्यूनर मुंबईहून येणार; त्याची मजुरी, गाडीभाडं, मुक्काम धरला तर इकडे एक बरी बाजाची पेटी येईल. म्हणून वर्षातून एकदाच, पावसाळा सरल्यावर बोलावतो.

अमळनेरकडची तेरा वर्षांची मुलगी आली होती, नेहमीप्रमाणे आजोबांबरोबर, भुसावळकडे जाणाऱ्या गाडीनं. आबा भजनी मंडळात उभा जन्म पेटी वाजवत आलेत. नातही सहाव्या वर्षापासून त्यांच्या शेजारी बसते. शाळेच्या गॅदरिंगला कीबोर्ड वाजवला आणि पियानो शिकायचाच म्हणून हट्ट धरला. बसल्याबसल्या एक पट्टी दाबून म्हणाली, "सर, पाव सूर उतरलाय." मला हे शिकवावं लागलं नव्हतं.

बाकी सगळं मात्र अडलेलं. तीन महिने आम्ही पांढरी एकवर, म्हणजे इंग्रजी 'सी'च्या पट्टीवर, अंगठा ठेवून पाच बोटांच्या पाच पट्ट्या करत होतो. सगळी बालपुस्तकं तिथूनच सुरू होतात, मीही तिथूनच शिकलो. वर हानोंचे व्यायाम. फ्रान्समधल्या या गृहस्थानं १८७३ मध्ये साठ व्यायाम छापले आणि तेव्हापासून जगभरची पोरं ते दळतायत. बोट उंच उचला, हातोडीसारखं पाडा. माझे गुरुजी मनगटावर रुपयाचं नाणं ठेवायचे. पडलं की पहिल्यापासून. मीही बरीच वर्षं ठेवलं.

त्या दिवशी तिच्या हाताला बामचा वास येत होता. मी विचारलं तर म्हणाली, काही नाही सर. आबांनीच सांगितलं, "सर, तिना हात दुखस. रातले फडकं बांधीसन झोपस."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं की घरी सराव चुकीचा करत असणार. शिक्षकाला हे उत्तर फार सोयीचं पडतं. मी म्हटलं, वाजव. तिनं पाच पट्ट्या वाजवल्या आणि दोन गोष्टी दिसल्या. डिजिटलवर कानाला हेडफोन लावून बसणाऱ्या मला त्या तीन महिन्यांत दिसल्या नव्हत्या. एक, पट्टी तळाला टेकल्यावरही ती पूर्ण जोरानं दाबतच होती, नखं पांढरी पडेपर्यंत. आणि दुसरी, उजवा हात चालू झाला की तिचा मोकळा डावा हात मांडीजवळ पुढेमागे हलायचा. मला आधी वाटलं, ताल धरतेय. नाही. ती पेटीचा भाता मारत होती.

"पेटीवर पट्टी दाबीसन धरनी पडस, नही ते सूर तुटस," आबा म्हणाले. मग थोडं थांबून, "आठे दाबानंतर आवाज वाढस का?"

"नाही आबा."

"मंग काबर दाबस ती?"

मी उठलो आणि पियानोची वरची फळी काढली. हे मी कुठल्याच विद्यार्थ्याला कधी दाखवलं नव्हतं. मलाही कुणी दाखवलं नव्हतं. तिला म्हटलं, एकच पट्टी दाब आणि आत बघ. हातोडी तारेवर गेली, लागली, मागे आली आणि मधेच अडकून उभी राहिली. पट्टी अजून खालीच होती. तारेला लागण्याच्या जरासं आधी हातोडी पट्टीपासून सुटते. शेवटचा टप्पा ती स्वतःच्या वेगानं जाते. त्यानंतर तुम्ही पट्टीवर बसलात तरी सुरात फरक पडत नाही. पट्टी खाली असते तोवर दाबपट्टी, म्हणजे तार दाबून गप्प करणारी गादी, तारेवरून उचललेली राहते आणि सूर हळूहळू विरत जातो, एवढंच. त्यासाठी नुसतं बोटाचं वजन पुरतं. पट्टी खाली जायलाच साधारण ५० ग्रॅम लागतात. ही पोर त्यावर पोत्यासारखी रेलली होती, कारण पेटीनं तिला शिकवलं होतं की सोडलं तर सूर मरतो.

तिनं मग एक पट्टी इतकी सावकाश दाबली की हातोडी तारेपर्यंत पोचलीच नाही. आवाज नाही. ती खुदकन हसली. पुन्हा केलं. दहा-बारा वेळा केलं, आबांनीही एकदा केलं.

हे तळाला दाबत राहणं वाईट, हे लंडनचे पियानोशिक्षक टोबायस मॅथे यांनी शंभरावर वर्षांपूर्वी बजावून ठेवलंय. हात दंडासकट सैल, वजन बोटातून आत. मी हे वाचलेलं होतं. वाचलेलं होतं आणि नाणं ठेवत होतो. त्याच्याही आधी, १८१४ मध्ये, लोजिए नावाच्या मास्तरानं हात पट्ट्यांवर नीट राहावेत म्हणून दांड्यांचा सापळाच पेटंट केला होता, आणि तो चांगला खपलाही. आमच्या धंद्यात हाताला शिस्त लावणारे कधी कमी पडले नाहीत.

मग तिला म्हटलं, तुला सोपं वाटेल तिथे हात ठेव. तिनं अंगठा पांढरी तीनवर ठेवला, मधली तीन बोटं काळी तीन, काळी चार, काळी पाचवर, आणि करंगळी पांढरी सातवर. मी दोन मिनिटं काही बोललोच नाही. पोलंडचा थोर पियानोवादक-संगीतकार शोपँ नव्या शिष्याचा हात नेमका याच पाच पट्ट्यांवर ठेवत असे. लांब बोटं उंच काळ्या पट्ट्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी खालच्या पांढऱ्यांवर. हात आपोआप गोल होतो. सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांचं सप्तक त्याच्या मते वाचायला सगळ्यांत सोपं आणि हाताला सगळ्यांत अवघड, म्हणून ते तो शेवटी शिकवायचा. आपली पुस्तकं तिथून सुरू होतात, कारण कागदावर खुणा कमी लागतात. पालकांनाही तेच हवं असतं. पोरगं पुस्तक वाचताना दिसलं की फी वसूल.

तिनं त्या पाच पट्ट्यांवर काहीतरी भजनासारखं वाजवलं. मनगट हलत होतं. बाम लावलेला हात आहे असं वाटलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि ती उकाड्यामुळे नव्हे. नऊ-दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा यायचा. त्याच्याही घरी पेटी होती. त्याचं नाणं सारखं पडायचं. हात दुखतो म्हणायचा. मी म्हणायचो, सुरुवातीला दुखतोच. शेवटी त्याच्या वडिलांना मीच सांगितलं, "याचा हात पियानोचा नाही." ते बिचारे हात जोडून गेले. जुन्या रजिस्टरमध्ये त्यांचा नंबर आहे. मी पान काढून ठेवलंय, लावलेला नाही. लावून काय म्हणू?

पुढच्या रविवारी लाईट होती, तरी तिनं उभाच पियानो मागितला. फळी काढून ठेवा म्हणाली. बाम नव्हता. परीक्षेचा फॉर्म भरायचा आहे, त्यात पहिलं सप्तक अर्थात पांढरी एकचं. मी अजून ते काढलेलं नाही. डावा हात कामाला लावायला तिला खालची एकच पट्टी दिलीय, षड्जासारखी. ती वाजवते, चार मात्रा धरते, आणि पाचव्या मात्रेला हात मांडीकडे निघतो, भात्याकडे. आबा बाकावरून बघत असतात आणि त्यांचाही हात हलतो.